तुमच्या बॅगेतली फाइल

भाऊसाहेब, तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी आले ती सांत्वनाला नव्हे. मी तुमची बॅग मागायला आले होते. हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

खांदा कॉलनीतला तुमचा जिना चढताना दोनदा थांबले. वहिनींना काय सांगणार? घरात सुतक, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि ही बाई विचारणार, बॅग कुठे आहे हो त्यांची? तुम्ही मला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायचात. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, सर्व्हेच्या याद्या गेल्या का, सगळं तीन-तीनदा बघते म्हणून. त्या दिवशी तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आलं बघा सरकार दौऱ्यावर. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त माही होती. ओवे गावातल्या वनिताची मुलगी. तिला पाच वर्षं पूर्ण व्हायला आता थोडेच दिवस राहिले होते.

बुधवारी, म्हणजे तुम्ही गेलात त्या रविवारनंतरच्या बुधवारी, वनिताचा फोन आला होता. तुम्ही गेल्याचं तिला कळलं नव्हतं. ती सहज विचारत होती, “ताई, मुंबयच्या हॉस्पिटलातून काय निरोप आला काय?” मी म्हटलं, बघते. हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या मुलीने दोन वेळा नाव विचारलं, दोन वेळा बघितलं आणि म्हणाली, या नावाची फाइल आमच्याकडे आलेलीच नाही. मी तिला तिसऱ्यांदा बघायला लावलं. कारण ती फाइल महिन्यापूर्वी तुम्ही माझ्यासमोर बॅगेत घातली होती. “उद्या मी स्वतः नेऊन देतो,” म्हणाला होतात.

मी बॅग मागितली तशा वहिनी उठल्या. आत गेल्या, कपाटाच्या खालून बॅग काढून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, “मी उघडली नाही अजून. तुम्हीच बघा.” चेन अडकत होती. आत चष्म्याची जुनी काडी, बसचा पास, शेंगदाण्याची पुडी, आणि माहीची फाइल. जशी घातली होती तशी. वरची गाठसुद्धा तहसीलच्या शेखभाईंनी मारलेली, सोडलेली नव्हती.

फाइलच्या मागे एक घडी केलेला कागद होता. पनवेलमधल्याच एका हृदयाच्या डॉक्टरांचा. तारीख त्या गुरुवारची. ज्या गुरुवारी तुम्ही मुंबईला जाणार होतात त्या गुरुवारची.

मी तो कागद वहिनींसमोर धरला. लपवायला हवा होता का? मला अजून कळत नाही. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाल्या, “मुंबईला जातो सांगून निघाले होते. मी डबा दिला होता.” एवढंच. मग पदराने बॅगेवरची धूळ पुसत बसल्या. बॅगेवर धूळ नव्हती.

भाऊसाहेब, मला तुमचा राग आला. त्या घरात, त्या क्षणी, तुमच्या फोटोला हार घातलेला असताना मला तुमचा इतका राग आला की मी चहा न घेताच उठले. छातीत दुखत होतं तर सांगायचं ना. नसेल बायकोला सांगायचं तर मला सांगायचं. मी घाबरले असते, ओरडले असते, पण फाइल घेऊन गेले असते. तुम्ही दोन्ही गोष्टी पोटात ठेवल्यात, दुखणं आणि फाइल.

आपलं बुधवारचं टेबल कसं सुरू झालं ते आता लोक वेगवेगळं सांगतात. मला आठवतं ते हे. ओव्याची एक म्हातारी व्हरांड्यात बसली होती. पायरीवर चपला काढून ठेवलेल्या आणि तळवे चोळत होती. गाव पालिकेत गेलं, अंगणवाडी आमच्याकडेच राहिली, सातबारा तहसीलीत, दवाखाना आणखी कुणाकडे. तिला पालिकेने पंचायत समितीत पाठवलं, समितीने तहसीलला, तहसीलने परत पालिकेत. प्रत्येकजण खरंच सांगत होता, हे आमचं नाही. तुम्ही तेव्हा विस्तार अधिकारी होतात आणि मी नुकती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झालेली. तुम्ही म्हणालात, “बाई, ही म्हातारी सगळ्या कचेऱ्या चालली. आपण पाच माणसं एका टेबलापाशी चालत येऊ शकत नाही?”

मी म्हटलं, आदेश लागेल.

“चहा लागेल,” तुम्ही म्हणालात.

आणि चहावरच चाललं सगळं. एसटी स्टँडच्या बाजूच्या जुन्या इमारतीतली ती खोली, निवडणुकीच्या कामाला आणून विसरलेली दोन टेबलं, एका भिंतीला अर्जदारांसाठी बाकडं. तहसीलचे शेखभाई, आरोग्याच्या डॉक्टर मॅडम, पालिकेचा कुणी ना कुणी, तुम्ही आणि मी. तुमचा नियम एकच. झेरॉक्स नाही, आवक-जावक नाही. कागद एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा आणि देताना अर्जदाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. नंबर नाही, नाव. मग दर बुधवारी तुम्ही यादी घेऊन विचारायचात, “कागद कुणाच्या हातात आहे?” उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. ‘टेबलावर आहे’ चालायचं नाही. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं जो म्हणेल त्याने पुढच्या बुधवारी सगळ्यांना भजी आणायची. शेखभाईंनी पहिल्या वर्षात इतकी भजी आणली की भजीवाला त्यांना जावई म्हणायला लागला.

लोकांची कामं झाली, भाऊसाहेब. हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही. ज्यांना तीन-तीन महिने लागायचे त्यांचे दाखले दोन बुधवारांत निघाले. मी आयुष्यात पहिल्यांदा रविवारी शांत झोपले ती त्या वर्षी.

पण आपलं भांडण काही मिटलं नाही. मी म्हणायची, हे लिहून काढू या. कोण काय करतं, कधी करतं, एक वही तरी ठेवू या. प्रत्येक कागदाची एक प्रत माझ्याकडे राहू दे. तुम्ही म्हणायचात, “प्रत निघाली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलंय. आणि लेखी आलं की साहेब स्वतः येत नाहीत, प्रतिनिधी पाठवतात. प्रतिनिधी मान हलवतो आणि जातो.” खोटं नव्हतं ते. मी तशा सभा बघितल्यात, चिवडा खाऊन उठलेल्या. तरी मी चिडून एकदा विचारलं होतं, “आणि उद्या तुम्ही नसलात तर?” तुमच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. तुम्ही हसलात. म्हणालात, “येईन की. निवृत्त होतोय, मरत नाहीये.”

आणि आलात. दोन वर्षं, एकही बुधवार न चुकवता. ना खुर्ची, ना शिक्का, ना सही. सरकारच्या लेखी तुम्ही कुणीच नव्हतात आणि सरकारचे कागद तुमच्या बॅगेतून फिरत होते. मला त्याचीही भीती वाटायची. कुणी विचारलं तर काय सांगायचं? पण तुम्ही नेलेला कागद पोचायचाच, म्हणून मी गप्प राहिले. काम होत असलं की आपण डोळे मिटतो. मीही मिटले.

माहीचं आपल्याला उशिराच कळलं. वनिता उरणकडची, कोळ्यांची मुलगी, ओव्याला दिलेली. सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर मासळी घेऊन बसते. माही तिच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत. सासूचं म्हणणं, बाप पण उशिराच बोलला. मग अंगणवाडीत एकदा खिचडीचं पातेलं पडलं. सगळी पोरं दचकली आणि माही आपली पाटीवर रेघा मारत राहिली. आमच्या सेविकेने त्याच दिवशी मला फोन केला. कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन, सरकारी योजनेतून. पण अट अशी की पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत ऑपरेशनची तारीख मिळाली पाहिजे. त्यानंतर नाही. तपासण्या आरोग्याच्या, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, जन्माचा पालिकेचा, पत्र माझं. आपल्या टेबलाचंच काम होतं ते. तीन बुधवारांत फाइल पुरी झाली. शेखभाईंनी गाठ मारली, “माही” म्हणून मोठ्याने नाव घेतलं आणि तुमच्या हातात दिली. बाकड्यावर वनिता होती. तिने तुम्हाला हात जोडले. तुम्हाला ते आवडायचं नाही.

पुढच्या बुधवारी यादी वाचताना माहीचं नाव आलं. तुम्ही स्वतःच म्हणालात, “माझ्या हातात. निघालाय.” सगळे खूश. त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी तुम्ही ते नाव वाचलंच नाहीत. माझ्या लक्षात आलं होतं, भाऊसाहेब. हेच मला कुणाला सांगता आलेलं नाही. माझ्या लक्षात आलं, मी मान वर केली, तुमच्या कपाळावर घाम होता, पंखा चालू होता. मी विचारलं, “बरं आहे ना?” तुम्ही म्हणालात, “सरकार, चहा सांगा.” मी चहा सांगितला. सगळ्या तालुक्याला ‘कुणाच्या हातात’ म्हणून विचारणाऱ्या माणसाला मी तेच विचारायला धजले नाही. तुम्हाला कोण विचारणार, असं वाटलं. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

सोमवारी शोकसभा झाली. बरीच माणसं आली होती, तुम्ही लाजला असतात. एक साहेब बोलले की भाऊसाहेबांकडे कधी कागद अडकला नाही. टाळ्या वाजवायची जागा नव्हती, नाहीतर लोकांनी वाजवल्या असत्या. मी तिसऱ्या रांगेत पिशवी घेऊन बसले होते, पिशवीत माहीची फाइल; जिल्ह्याच्या तपासणीच्या तयारीपायी मला मुंबईला जायला अजून दिवस मिळाला नव्हता. मला दोन शब्द बोलायला बोलावलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं.

बाहेर शेखभाई भेटले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “बाई, खुदा गवाह आहे, गाठ मीच मारली होती. पण आता हे टेबलावर काढू नका. गेलेल्या माणसाची इज्जत आहे. आपण गुपचूप पाठवून देऊ.” मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. तुमचं नाव राहील, माझंही राहील, फाइल जाईल. पण ‘पाठवून देऊ’ म्हणजे कोण देणार, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

काल बुधवार होता. मी नेहमीपेक्षा तासभर आधी जाऊन खोली उघडली. टेबलं पुसली, परत पुसली. कुणी येईल की नाही याचीच धास्ती. शेखभाई आले. पालिकेचा एक नवा माणूस आला, त्याला आपण कशाला जमतो हेच माहीत नव्हतं. डॉक्टर मॅडम आल्या नाहीत, त्यांनी चिठ्ठी देऊन एक लिपिक पाठवला. तुम्ही म्हणाला होतात तसंच, फक्त त्यासाठी लेखी आदेशही लागला नाही. बाकड्यावर सहा-सात अर्जदार होते, शेवटी वनिता. माहीला मांडीवर घेऊन. तुम्ही गेल्याचं तिला एव्हाना गावात कळलं होतं.

मी फाइल टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ही उद्याच्या उद्या मुंबईला गेली पाहिजे. लिपिक म्हणाला, जावकला टाका, दोन-तीन दिवसांत जाईल. शेखभाईंची दुसऱ्या दिवशी वसुलीची बैठक. पालिकेचा माणूस म्हणाला, हा आमचा विषय आहे का? मी स्वतः जाणार होते, पण दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याची तपासणी, साहेबांनी रजा नाकारलेली. आम्ही चौघे एकमेकांकडे बघत बसलो. तुम्ही असतात तर एव्हाना फाइल बॅगेत गेली असती. आणि तिथेच राहिली असती, हेही माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

“ताई, ती माज्या पोरीची फाइल हाय ना?”

वनिता उठून टेबलापाशी आली होती. अर्जदार टेबलापाशी येत नसत, आपण नाव पुकारलं तरी ते दोन पावलं लांब उभे राहत.

“हो,” मी म्हटलं.

“सायब तर बोललेले नेऊन देतो. मंग हितं कशी?”

शेखभाईंनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. नको म्हणून. माही माझ्या तोंडाकडे बघत होती, सगळ्यांच्या तोंडाकडे बघते तशी. भाऊसाहेब, मला माफ करा किंवा करू नका, मी सांगून टाकलं. म्हटलं, फाइल त्यांच्या बॅगेतच राहिली. त्या दिवशी त्यांच्या छातीत दुखत होतं, ते डॉक्टरकडे गेले. नंतर त्यांच्याने जाणं झालं नाही आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मी पण नाही. चूक आमची आहे.

मला वाटलं ती ओरडेल. मासळी विकणारी बाई आहे, आवाज आहे तिला, मी ऐकलाय. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “सायबांना बरं नव्हतं, तर मना बोलायचं ना. मीच गेली असती.”

लिपिक म्हणाला, “फाइल अर्जदाराच्या हातात देता येत नाही.” शेखभाईंनी त्याला विचारलं, “कुठे लिहिलंय?” तो म्हणाला, “पद्धत आहे.” शेखभाई माझ्याकडे वळले, मी त्यांच्याकडे बघितलं. आपलीच पद्धत होती ती. इतकी वर्षं आपण पाच खात्यांचे हात जुळवत बसलो, कागद या हातातून त्या हातात, नाव घेऊन, मोठ्याने. आणि ज्यांचा कागद ती माणसं भिंतीपाशी बाकड्यावर. त्यांच्या हातात द्यावा असं ना तुम्हाला सुचलं, ना मला. मी तुमच्याशी वहीवरून भांडत राहिले, तुम्ही चहावरून. दोघेही चुकलो.

मी गाठ सोडून प्रत्येक कागद वनिताला दाखवला. हा तपासणीचा, हा जन्माचा, हा उत्पन्नाचा, हे पत्र. तिला वाचायला अडचण नाही, सातवी शिकलीय, हेही मला कालच कळलं. कुठे उतरायचं, कितव्या मजल्यावर, कुणाला भेटायचं, ते तिने मोबाइलमध्ये माझ्याच आवाजात भरून घेतलं. मग फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी पदराखाली, माही कडेवर, आणि गेली.

आज दिवसभर माझ्या जिवात जीव नव्हता. तपासणीच्या साहेबांनी विचारलेल्या वजनाच्या नोंदी मी चुकीच्या गावाच्या दिल्या. डब्यातली पोळी तशीच राहिली. मनात एकेक येत होतं. ती चुकली तर. तिला खिडकीवरूनच परत पाठवलं तर. तपासणीचे कागद जुने झालेत म्हणाले तर, नवीन तपासणीला नंबर लागेपर्यंत पोर पाचाची झाली तर. मी तुमच्यासारखी हसू शकत नाही, मला सगळं वाईट आधी दिसतं. फोन मी मुद्दाम केला नाही. तिचे दोन्ही हात गुंतलेले असणार.

साडेचारला तिचाच आला. मागे रस्त्याचा आवाज होता. म्हणाली, खिडकीवरचा माणूस सांगत होता, ठेवून जा, आठ दिवसांनी ये. “मी बोल्ली, नाय. माज्यासमोर उगडा. आमी हितंच बसतो.” आणि बसली, पोरीला घेऊन, दुपारपर्यंत. शेवटी डॉक्टरच बाहेर आले, त्यांनी कागद बघितले, माहीला आत नेलं.

“तारीख दिली, ताई. वाडदिवसाच्या आदीची.”

मी तारीख विचारून तळहातावर लिहून घेतली. मग ती म्हणाली, “आणि सायबांच्या घरी सांगा हां. बायकोला सांगा त्यांच्या. नायतर बिचारीला वाटंल, आमी राग धरला.”

तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते, भाऊसाहेब. आधी भीती होती, मग राग होता, रडायला जागा कुठे होती. आज तपासणीचे साहेब समोर बसलेले असताना मी टेबलावर डोकं टेकून रडले. त्यांनी पाणी मागवलं आणि विचारलं, घरचं कुणी गेलं का? मी हो म्हटलं.

उद्या तुमचा तेरावा. मी वहिनींकडे लवकर येणार आहे, माणसं जमायच्या आत. त्यांना आधी माहीची तारीख सांगेन, आणि मग वनिताने काय निरोप दिलाय ते.